मांजराचं पिल्लू ट्रेबाहेर शी-शू करतंय? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

हे वाचताना तुमच्या घरात एखादी ओली गादी पडलेली असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी शू टिपून घ्या. जुन्या सुती कापडाची किंवा टिश्यू पेपरची जाड घडी ओल्या जागेवर ठेवा, तळहाताने जोर देऊन दाबा, घडी बदला, पुन्हा दाबा. चोळू नका. चोळलं की ओल कापसात खोल उतरते आणि डागही पसरतो. घडी जवळजवळ कोरडी निघेपर्यंत टिपत राहा. त्यातला एक ओला तुकडा मात्र फेकू नका, तो पुढे कामाला येणार आहे. पिल्लावर ओरडू नका, त्याचं नाक डागाला लावू नका. त्यातून त्याला एवढंच कळेल की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि पुढची शू सोफ्यामागे होईल.

आमची भुरी घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. पहिल्या चार दिवसांत तिने तीनदा दुलई भिजवली. चौथ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या मागे राहून बघितलं. खेळता खेळता ती एकदम थांबली, नाक खाली घालून दोन गिरक्या घेतल्या, पुढच्या पंजांनी दुलई खरवडली आणि मागचे पाय फाकवून खाली बसली. झाल्यावर वळून वास घेतला आणि दुलईचा कोरडा काठ पंजाने ओढून ओल्या जागेवर टाकू लागली. पाच-सहा वेळा ओढला. उकरायचं, बसायचं, पुरायचं, हे सगळं तिला नीट येत होतं. फक्त ते करायला मी दिलेल्या ट्रेपेक्षा, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यापेक्षा, दुलई तिला सोयीची वाटत होती. त्या दिवसापासून मी दुलईचा विचार सोडला आणि ट्रेचा सुरू केला.

पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच होते. तीन ते चार आठवड्यांच्या सुमारास पिल्लू स्वतः करू लागतं आणि त्याच वेळी पायाखाली सैल, उकरता येईल असं काहीतरी शोधू लागतं. ही ओढ उपजत असते, आईला बघून ती पक्की होते. म्हणून मांजराला कुत्र्यासारखं शिकवावं लागत नाही. आपण जागा नीट मांडून द्यायची आणि चुकीच्या जागेची ओढ कमी करायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी वास घालवा, तोही त्याच्या नाकाला लागणार नाही इतका

या पायरीवर बहुतेक लोक घाई करतात आणि मग पिल्लू पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात जातं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं. आपल्याला स्वच्छ वाटलेली जागा त्याला अजून संडासच वाटते. शूमधलं बरंचसं पाण्याने निघतं, पण युरिक ॲसिडचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत. ते कापडाच्या धाग्यांत, गादीच्या कापसात, फरशीच्या फटींत बसून राहतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो.

त्यासाठी एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी म्हणून ते वेगळं मिळतं. ते वरवर फवारून लगेच पुसू नका. शू जितकी खोल गेली असेल तितकं क्लीनरही खोल जायला हवं, म्हणून जागा चांगली भिजवा, बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या, मग टिपून वाऱ्यावर वाळवा. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं. आधी दुसऱ्या कुठल्या रसायनाने जागा धुऊन मग एन्झाइम टाकलं तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून टिपल्यानंतर थेट हेच वापरा. ते हाताशी नसेल तर तोपर्यंत पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसून घ्या.

काय वापरायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. फिनेल, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं पिल्लाच्या वाटेत अजिबात नकोत. त्यांतल्या फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फारच कमी असते, आणि मांजर फरशीवरून चालून तेच पंजे चाटतं. टी ट्री, पाइन अशा सुगंधी तेलांचंही तेच. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास शूसारखाच असतो, त्यामुळे पिल्लाला ते आमंत्रणच वाटतं. ब्लीच ओल्या शूवर ओतलं तर विषारी वायू तयार होतो, आणि व्हिनेगरमध्ये मिसळलं तरीही होतो. हा प्रयोग कधीही करू नका, लहान, बंद न्हाणीघरात तर मुळीच नको.

चादरी, दुलया धुताना आधी गार पाण्यात बुडवून ठेवा, मग एन्झाइम असलेल्या पावडरीने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. वाळल्यावर नाक लावून वास घ्या. जरासा जरी आला तरी पुन्हा धुवा. गादीवर काही आठवडे पाणी न झिरपणारं कव्हर घाला.

वास येतो पण जागा सापडत नाही असं झालं, तर रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. शूचे वाळलेले डाग पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचे डागही चमकतात, म्हणून सापडलेल्या जागेचा वास घेऊन खात्री करा.

ट्रे पिल्लाच्या मापाचा हवा

पिल्लाला वर चढून आत उतरावं लागता कामा नये. निदान एका बाजूची कड पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पसरट प्लास्टिकचा टब चालतो, पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण आतून प्लास्टिक लावून घेतलं तरी तात्पुरतं भागतं. आत शिरून पूर्ण गोल फिरता आलं पाहिजे. झाकण असलेले ट्रे आपल्याला दिसायला बरे वाटतात, पण आत वास कोंडतो आणि पिल्लाला बाहेरचं काही दिसत नाही. सुरुवातीला उघडाच ट्रे ठेवा.

किती ठेवायचे? घरात जितकी मांजरं, त्यापेक्षा एक जास्त. म्हणजे एका पिल्लाला दोन. ते वेगवेगळ्या ठिकाणी हवेत, शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच. घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. कित्येक मांजरं शू एका ट्रेमध्ये आणि शी दुसऱ्यात करणं पसंत करतात, त्यामुळे दुसरा ट्रे वाया जात नाही.

आता लिटर, म्हणजे ट्रेमध्ये पसरायचा, ओल शोषणारा भुसा किंवा माती. सुगंधी लिटर घेऊ नका, तो वास माणसासाठी असतो. ओल लागली की गोळा बनवणारं बेंटोनाइट मातीचं लिटर मोठ्या मांजराला उत्तम, पण लहान पिल्लू दिसेल ते तोंडात घालून बघतं आणि ही माती पोटात फुगून आतड्यात अडकू शकते. चार महिन्यांचं होईपर्यंत तरी गोळा न होणारं लिटर वापरा: कागदाचं किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांचं. तीन-चार सेंटिमीटरचा थर पुरे. ढीग केला तर पाय रुततात आणि पिल्लू बिचकतं.

पिल्लू जिथून आणलं तिथे कोणतं लिटर होतं, हे आवर्जून विचारा आणि पहिले काही आठवडे तेच द्या. बाहेर मातीत वाढलेलं पिल्लू असेल तर ट्रेमधल्या लिटरवर मूठ-दोन मूठ स्वच्छ माती पसरा. मी हे एका अंगणातल्या पिल्लाला करून पाहिलं. दोन दिवस ते ट्रेला वळसा घालून जात होतं, माती टाकल्यावर काही मिनिटांत आत शिरून उकरू लागलं. मग आठवडाभरात माती हळूहळू कमी करत गेले. लिटरची जात बदलतानाही असंच करायचं, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत सात ते दहा दिवस घ्यायचे.

जागा

भुरीचा पहिला ट्रे मी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवला होता, कारण तिथे तो कोणाच्या पायात येत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती ट्रेमध्ये बसलेली असतानाच मशीन पिळायला लागलं आणि जमीन थरथरली. ती तशीच अर्धवट उठून, लिटर उडवत पलंगाखाली पळाली. दुलईवर जायचं एक मोठं कारण तेच होतं, हे मला ट्रे हलवल्यावर कळलं.

शांत, हवेशीर, सतत येण्याजाण्याची नसलेली पण पिल्लाला पटकन पोचता येईल अशी जागा निवडा. खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून लांब, शक्य तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आत बसल्यावर त्याला दरवाजा दिसावा आणि निसटायला दोन बाजू मोकळ्या असाव्यात, विशेषतः घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर. न्हाणीघरात ठेवणार असाल तर दार वाऱ्याने किंवा सवयीने बंद होणार नाही याची सोय करा. बंद दाराबाहेर उभ्या पिल्लाकडे दुसरा पर्याय नसतो. रात्री तिथे एक मंद दिवा असू द्या.

पहिला आठवडा एकाच खोलीत

नव्या पिल्लाला पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करू नका. त्याचं मूत्राशय लहान असतं, लहर आली की थांबता येत नाही, आणि तीन खोल्या पलीकडचा ट्रे आठवून तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. एक खोली द्या. एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, मधे अंथरूण आणि लपायला एक खोकं. दुलया, उशा, मऊ पायपुसणी, मळक्या कपड्यांची टोपली तात्पुरती बाहेर. कुंड्या असतील तर मातीवर पिल्लाला हलवता येणार नाहीत असे मोठे गोटे मांडा.

दिवसातल्या काही वेळा ठरलेल्या असतात: झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत आणि जोरदार खेळून झाल्यावर. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या की शीच्या वेळाही बऱ्यापैकी ठरतात. त्या त्या वेळी पिल्लाला हळूच उचलून ट्रेमध्ये ठेवा आणि हात काढून घ्या. तुम्ही बोटाने किंवा पळीने लिटर जरा खरवडा, तो आवाज ऐकून अनेक पिल्लं उकरायला लागतात. त्याचे पंजे धरून उकरून दाखवायचा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही, धरलेलं पिल्लू घाबरतं आणि ट्रेशी भीती जोडली जाते. आत ठेवल्यावर ते बाहेर आलं तर येऊ द्या, पाच मिनिटांनी पुन्हा ठेवा.

आता तो राखून ठेवलेला ओला तुकडा काढा आणि ट्रेच्या कोपऱ्यात लिटरखाली दाबा. शी बाहेर झाली असेल तर तीही कागदाने उचलून ट्रेमध्ये नेऊन टाका. वासाने जागा सांगणं हे पिल्लाला आपल्या बोलण्यापेक्षा चटकन समजतं. दोन दिवसांनी तुकडा काढून टाका.

पिल्लू भलत्या ठिकाणी हुंगत, गिरक्या घेत असेल तर शांतपणे उचलून ट्रेमध्ये न्या. पण शू सुरूच झाली असेल तर मधे उचलू नका, होऊ द्या, मग पुसा. ट्रेमध्ये केलं की लगेच हळू आवाजात कौतुक करा, आवडत्या खाऊचा एखादा कण द्या. मात्र ते आत बसलेलं असताना बोलू नका, डोकावू नका.

सलग सात दिवस बाहेर काही झालं नाही, की दुसरी खोली उघडा आणि दुसरा ट्रे त्या बाजूला ठेवा. पुन्हा गडबड झाली तर एक पाऊल मागे, परत एका खोलीत. यात काही बिघडत नाही.

तरीही होतंय? मग कुठे होतंय ते बघा

चार-पाच दिवस एक कागद भिंतीला लावून लिहून ठेवा: वेळ, जागा, शू की शी, त्याआधी काय झालं. कारण बहुधा त्यातच दिसतं.

ट्रेच्या अगदी शेजारी होत असेल, तर पिल्लाला ट्रे माहीत आहे, पण आत जाणं नको वाटतंय. ट्रे घाण आहे, कड उंच आहे किंवा लिटर पायाला टोचतंय. लाकडी गोळ्या कोवळ्या पंजांना टोचू शकतात. दुसऱ्या ट्रेमध्ये बारीक, मऊ लिटर घालून बघा, पिल्लू कुठला निवडतं ते लगेच कळेल. पिल्लू आत उभं राहतं पण बूड कडेबाहेर राहतं, असं असेल तर ट्रे लहान पडतोय.

अंथरुणावरच होत असेल तर त्याला मऊ स्पर्श हवाय आणि बहुधा जुना वासही राहिलाय. काही दिवस शयनगृहाचं दार बंद ठेवा. न्हाणीघराच्या फरशीवर, मोरीत, गुळगुळीत जागी होत असेल तर उलट: एका ट्रेमध्ये अगदी पातळ थर ठेवून पाहा. एकाच कोपऱ्याचा हट्ट असेल तर दोन उपाय आहेत. ट्रे तिथेच ठेवा आणि पिल्लू रोज वापरू लागल्यावर रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या. किंवा तो कोपरा नीट स्वच्छ करून तिथे त्याचं खाण्याचं भांडं ठेवा. मांजर खातं तिथे सहसा घाण करत नाही. मला पहिला उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

घरात पाहुणे, नवं मांजर, फर्निचर हलवणं, यानेही जुळलेली सवय मोडते. अशा वेळी पुन्हा लहान खोली द्यावी.

आणि ट्रेची सफाई. शी दिसली की काढा, निदान सकाळ-संध्याकाळ तरी जाळीच्या पळीने काढाच. गोळा न होणाऱ्या लिटरमध्ये ओल तळाशी साचते, त्यामुळे ते दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलावं लागतं. आठवड्यातून एकदा ट्रे गरम पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन, कोरडा करून भरा. रोज शी काढण्याचं आणखी एक कारण आहे. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, पण शीतली त्याची अंडी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, आणि इतर सगळ्यांनी नंतर साबणाने हात धुवावेत.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं

पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसणं आणि थेंब-दोन थेंबच होणं, शू करताना ओरडणं, रक्त दिसणं, खालची जागा सतत चाटणं, ही दुखण्याची लक्षणं आहेत. ज्या ट्रेमध्ये दुखलं तो ट्रेच दुखवतो असं मांजराला वाटतं आणि ते दुसरी जागा शोधतं. नर पिल्लू कुंथतंय आणि शू अजिबात होत नाही, अशा वेळी सकाळची वाट बघू नका. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

पातळ शीमुळेही ट्रे गाठता येत नाही. पिल्लांत जंत आणि जिआर्डिया, कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी ही नेहमीची कारणं, शिवाय अचानक बदललेलं खाणं आणि गाईचं दूध. बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, तेव्हा दूध बंद करून पाणी ठेवा. एक दिवस उलटूनही जुलाब थांबले नाहीत, किंवा सोबत उलटी, सुस्ती, रक्त असेल, खाणं सुटलं असेल, तर लगेच न्या. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. शक्य तर शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा. माणसांची औषधं देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला मारक आहे.

पिल्लू मोठं होताना

पाच-सहा महिन्यांच्या सुमारास एक वेगळाच प्रकार सुरू होऊ शकतो. मांजर उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा दारावर थोडीशी पिचकारी मारतं. ही हद्द आखणं आहे, ट्रेच्या सवयीशी त्याचा संबंध नाही आणि ट्रे बदलून ते थांबत नाही. नसबंदी वेळेवर, ते सुरू होण्याआधीच केली तर बहुतेक मांजरांत हा प्रश्न येतच नाही. चौथ्या महिन्यात डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवून टाका.

याच काळात ट्रे मोठा करावा लागतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जितकं लांब, त्याच्या दीडपट लांबीचा ट्रे घ्या. नवा आणल्या आणल्या जुना उचलू नका. दोन्ही शेजारी ठेवा, जुन्यातलं मूठभर वापरलेलं लिटर नव्यात टाका, आणि मांजर सलग चार-पाच दिवस नव्यात जाऊ लागलं की मगच जुना काढा.